तांदळातलं नाव

कॅनडाची थंडी सोसेल की नाही हे पाहण्यासाठी माझा मित्र भर मे महिन्यात बायकोला घेऊन इंदूरबाहेर राऊजवळच्या एका बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन बसला होता. साक्षीदार म्हणून मला नेलं होतं. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि आत आम्ही तिघं पोत्यांच्या भिंतीला टेकून, स्वेटर, मफलर, वर शाल अशा थाटात थर्मासमधला चहा पीत होतो. त्याच्या एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात कागद. कागदावर मथळा होता : 'सराव क्रमांक एक. वेळ वीस मिनिटे.'

बाराव्या मिनिटाला वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांना सांगा, मरायचंच असेल तर मुलीजवळ जाऊन मरू. इथं बटाट्यांत नको."

"बोलू नकोस. तोंडावाटे ऊब जाते," तो म्हणाला आणि कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

वीस मिनिटं झाली तसा तो उठला. आधी स्वतःच्या, मग वहिनींच्या, मग माझ्या नाकाच्या शेंड्याला बोट लावून पाहिलं आणि निकाल दिला, "जमेल."

बाहेर पडताना कोल्ड स्टोरेजच्या मालकानं मला बाजूला घेतलं. "भिया, ये लोग आलू लेंगे कि नहीं लेंगे?"

या माणसाच्या शंभर गोष्टी आमच्या कॉलनीत सांगितल्या जातात, आणि बहुतेक खऱ्या आहेत. एक खोटी आहे. त्यानं लग्नात आपल्या बायकोचं चांगलं नाव काढून टाकलं आणि तिला एका म्हातारीचं नाव दिलं, ही ती गोष्ट. पंचेचाळीस वर्षं ती त्याच्या नावावर खपली. ती खोटी आहे हे दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला तो गेल्या हिवाळ्यात गेला. उरलो मी.

आम्ही दोघं एकाच सरकारी कचेरीत कारकून होतो, समोरासमोरच्या टेबलांवर. त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चपराशाला पाणी आणायला सांगत होता, लेखी. तीन प्रती. एक चपराशाला, एक स्वतःला, एक रेकॉर्डला. कार्बन पेपरला घडी पडू नये म्हणून त्यानं शिंप्याकडून सगळ्या शर्टांना वीतभर लांब खिसा शिवून घेतला होता, आणि म्हणून त्याचा एकही शर्ट असा नव्हता ज्याच्या छातीवर निळा डाग नाही. घरी भाजीची यादीसुद्धा तीन प्रतींत. एक वहिनींना, एक भाजीवालीला, एक रेकॉर्डला. भाजीवाली म्हणायची, "बाबूजी, मेरे को पढ़ना नहीं आता." तो म्हणायचा, "रख लो. लगा तो?" ती त्याच कागदात त्याच्या मिरच्या बांधून द्यायची, आणि तो ते कागद घरी आणून पुन्हा सरळ करून ठेवायचा.

"असू दे. लागलं तर?" हे त्याचं आवडतं वाक्य. गेलेल्या बल्बपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळ्याला तो ते लावायचा. आणि त्याचा एकच धर्म होता : कागदावर खोटं लिहायचं नाही. तोंडानं हवं ते बोला. तोंडानं तो स्वतः इतकं काही बोलायचा की ऐकणारा चक्रावून जाई. कागदावर मात्र नाही. एकदा साहेबांनी त्याला मागची तारीख टाकायला सांगितली. त्यानं मागची तारीख टाकली आणि खाली लिहिलं, 'ही तारीख साहेबांच्या आज्ञेने टाकली आहे.' तीन प्रती.

आता ते नाव.

वहिनी गौतमपुऱ्याच्या. दिवाळीनंतर जिथली माणसं हिंगोटाच्या फळांत फटाक्यांची दारू भरून ती पेटती एकमेकांवर फेकून सण साजरा करतात, त्या गावची मुलगी. भित्री असणं शक्यच नव्हतं. माहेरचं नाव मंदाकिनी. लग्न गौतमपुऱ्याला झालं आणि वरात इंदूरला आली. लक्ष्मीपूजनाच्या वेळी आमच्याकडे नवरा थाळीतल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या घरची पुढची रीत अशी की ती थाळी बाहेरच्या खोलीत न्यायची आणि घरातल्या सगळ्यांत वडील माणसानं ते नाव मोठ्यानं वाचायचं. वडील माणूस म्हणजे त्याचे काका. ते गुडघ्यांमुळे बाहेरच्या खोलीतून उठत नसत. थाळी न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी नवरदेवाचा मित्र, आणि नव्या शर्टात सगळ्यांसमोर मिरवायची मला हौस होती.

काय नाव लिहायचं हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यानं लग्नाच्या कामांची जी यादी केली होती, अर्थात तीन प्रतींत, तिच्यातसुद्धा 'वधूचे नाव' याच्यापुढे लिहिलं होतं, 'वेळेवर कळेल.' त्यानं डाव्या हाताचा आडोसा करून लिहिलं, वर रुमाल टाकला आणि थाळी माझ्या हातात दिली. "भिया, सांभाळून."

मी मान ताठ ठेवून निघालो. मधल्या बोळात पाहुण्यांच्या चपलांचा ढीग होता. मान ताठ असल्यामुळे तो मला दिसला नाही.

मी पडलो नाही. थाळी मात्र पडली. तांदूळ चपलांत, बुटांत, कुणाच्या तरी नव्या कोऱ्या मोजडीत. बोळात कुणी नव्हतं. बाहेरून काकांचा आवाज आला, "अरे, नाव येतंय का देवासहून चालत?" आतून पेढ्यांचं ताट घेऊन बायका निघाल्याचा आवाज. थाळी पालथी पडणं म्हणजे केवढा अपशकुन, आणि त्याच्या आईचा हात केवढा जड, हे दोन्ही मला एकाच क्षणी आठवलं. मी गुडघ्यांवर बसून हाताला लागले तेवढे तांदूळ गोळा केले, थाळीत पसरले आणि बोट उचललं.

आणि काय लिहायचं? त्यानं लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं.

थाळी उसनी आणलेली होती, शेजारच्या घरातून. जुन्या भांड्यांवर असतं तसं तिच्या काठावर नाव कोरलेलं होतं : 'सौ. द्वारकाबाई'. माझ्या डोळ्यांसमोर त्या घटकेला जगात तेवढं एकच नाव होतं. मी लिहिलं, द्वारका. पुढचं 'बाई' लिहायला तांदूळ पुरले नाहीत, हे वहिनींचं नशीब. रुमाल पुन्हा वर टाकला आणि थाळी बाहेर नेली.

काकांनी रुमाल काढला, चष्मा लावला आणि वाचलं, "द्वारका." आणि कोपऱ्यात बसलेल्या शेजारच्या द्वारकाबाईंनी, नळावरच्या भांडणात अख्ख्या गल्लीत अजिंक्य असलेल्या त्या सत्तरीच्या बाईंनी, हंबरडा फोडला. आनंदानं. आपलं नाव या पोरानं नव्या सुनेला दिलं. पोटच्या पोरांनी जे केलं नाही ते यानं केलं. त्यांनी उठून त्याची दृष्ट काढली, थाळी परत न घेता सुनेला भेट दिली आणि त्याच्या आईला मिठी मारली. त्याची आई आणि द्वारकाबाई सहा महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. आईचा चेहरा त्या मिठीतून माझ्या बाजूला होता. तो मी अजून विसरलेलो नाही.

तो आतून आला. त्यानं थाळीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या कॉलरमध्ये तांदळाचा एक दाणा अडकला होता, तो त्यानं अलगद काढला आणि तोंडात टाकून चावला.

"काय रे, हे नाव तू लिहिलंस?" आईनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. "विचार करून."

पुढे वर्षानुवर्षं तो विचार काय होता हे तो वेगवेगळं सांगत राहिला. एकदा सांगितलं, मंदाकिनी ही नदी, वाहून जाते. द्वारका हे गाव, जागेवर राहतं. एकदा म्हणाला, रेशनच्या यादीत म पेक्षा द लवकर येतो. वहिनी पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "बताओ भाऊजी. वीस वर्षांची होते मी. बाकीच्या मैत्रिणींना स्मिता, सुचेता अशी नावं मिळाली. मला यांनी थेट आजी करून टाकलं." आणि मी, दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला असणारा मी, मान खाली घालून ताटात बघायचो. तो मला आणखी एक पोळी वाढायला सांगायचा.

मी त्याला एकदा विचारलं होतं, "तू नक्की काय लिहिलं होतंस?"

"रेकॉर्डला आहे," तो म्हणाला. आणि विषय बदलला.

त्यांना एकच मुलगी. ती कॅनडाला गेली, तिथंच लग्न केलं, तिला मुलगा झाला. नातवाला या दोघांनी फोनच्या काचेतूनच चार वर्षांचा होताना पाहिलं. वहिनी रोज सकाळी त्याला काचेतून घास भरवायच्या आणि तो तिकडून तोंड उघडायचा. मुलगी म्हणाली, आता तुम्ही दोघं इकडेच या, कायमचे. तुम्हाला बोलावून घेण्याच्या व्हिसाचा अर्ज मी टाकते. कागद तेवढे पाठवा.

कागद म्हटल्यावर त्याचं वय पंचवीस वर्षांनी उतरलं. मुलगी आपलीच आहे याचा पुरावा हवा, असं तिकडून आलं, तर यानं चार बोटं जाड फाइल केली. लसीकरणाचं कार्ड. पहिलीचं प्रगतिपुस्तक. एका पाकिटावर लिहिलं होतं, 'दात, दुधाचा, खालचा, डावा.' आत खरोखर दात होता.

"हा कॅनडा सरकारला पाठवणार?" मी विचारलं.

"असू दे. लागला तर?"

मग प्रवासाचे सराव सुरू झाले. रिकाम्या बॅगा घेऊन तिघं रिक्षानं विमानतळावर जायचं, दारापर्यंत रांगेत चालायचं आणि परत यायचं. दारावरच्या शिपायानं पहिल्यांदा विचारलं, "अंकल, टिकट?" हा म्हणाला, "टिकट नहीं है, प्रैक्टिस है." तिसऱ्या वेळी त्या शिपायानं लांबूनच सलाम ठोकला आणि वहिनींना म्हणाला, "आंटीजी, आज तो समय अच्छा आया आपका."

आणि मग ते पत्र आलं.

मुलीनं फोनवर पाठवलं, त्यानं त्याच्या प्रती काढून आणल्या. त्या दिवशी रविवार होता. वहिनींनी भुट्ट्याचा कीस केला होता आणि मी दुसऱ्यांदा घेत होतो. पत्रात लिहिलं होतं की मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव मंदाकिनी आहे, अर्जदार बाईंचं नाव द्वारका आहे. मंदाकिनी कोण, याचा तीस दिवसांत खुलासा करावा, नाहीतर अर्ज नाकारला जाईल.

झालं होतं असं : पहिलं बाळंतपण माहेरी. दाखल्यासाठी नाव सांगायला वहिनींचा भाऊ गेला होता. भावाला बहिणीचं नाव जे ठाऊक तेच त्यानं सांगितलं. पुढे रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत सगळीकडे द्वारका. चाळीस वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

वहिनींनी पत्र दोनदा ऐकलं. झारा खाली ठेवला. "मंदाकिनी कोण, असं ते मला विचारतायत?"

"हो," तो म्हणाला.

"म्हणजे मी माझ्या मुलीची आई नाही. तुमच्या त्या तांदळापायी."

"हो," तो म्हणाला.

किसाचा मला ठसका लागला. नातवाकडे जायला निघालेली ही बाई, आणि दारात माझी पालथी थाळी. सांगून टाकावं असं मला तेव्हा वाटलं, शपथेवर सांगतो. पण त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "पाणी पी. बाई दोन नाहीत, एकच आहे, हे शपथेवर सांगणारा माणूस हवा. लग्नाला हजर असलेला, आणि हयात." मग खोलीत इकडेतिकडे पाहिल्यासारखं केलं. "तू अजून हयात आहेस ना?"

मसुदा त्यानंच केला. जिल्हा कोर्टाबाहेर नोटरीच्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. नोटरीनं कागद वाचला, चष्मा वर केला. "चावल में नाम लिखते हैं आप लोग? दुल्हन का?"

"जी," तो म्हणाला.

"और फिर वो चावल?"

"खीर," वहिनी म्हणाल्या.

नोटरी फार खूश झाला. "हमारे यहाँ तो आदमी को शादी के बाद अपना ही नाम याद नहीं रहता. और आपने," माझ्याकडे वळून, "आपने खुद देखा था, अपनी आँखों से?"

मी कागद पुन्हा वाचला. वराने थाळीतील तांदळात वधूचे नाव लिहिले. ती थाळी मी स्वतः बाहेरच्या खोलीत नेली. तेथे 'द्वारका' हे नाव मोठ्याने वाचले गेले. त्या दिवसापासून मंदाकिनी या बाईंना द्वारका म्हणतात. दोन्ही नावांची बाई एकच आहे, हे मी जाणतो.

त्याचा पाय टेबलाखालून माझ्या पायावर आला आणि तिथंच राहिला.

"देखा था," मी म्हणालो आणि सही केली. तीन ठिकाणी.

बाहेर वहिनी उसाचा रस घेत होत्या तेव्हा मी त्याला बाजूला ओढलं. "जन्मात पहिल्यांदा तू कागदावर खोटं लिहिलंस. माझ्यासाठी."

तो खरोखर दुखावला. "एक वाक्य दाखव खोटं. मी लिहिलं, लिहिलं होतं की नाही? तू नेली, नेली होतीस की नाही? काकांनी वाचलं." मग खिशातला कार्बन सारखा केला. "मधलं एक वाक्य गाळलंय. गाळणं म्हणजे खोटं नव्हे. जागा आहे, भरता येते कधीही."

"मग आत्ता भरतो. वहिनींना सांगतो."

"आत्ता नको. आत्ता तिला व्हिसा हवा आहे. आणि भिया, तिला भांडायला काहीतरी लागतं. मी दिलेलं नाव आहे म्हणून भांडते. तू दिलेलं आहे म्हटल्यावर काय भांडणार? परक्या माणसाशी?"

व्हिसा आला. जाताना त्यानं रेकॉर्ड माझ्याकडे ठेवलं, म्हणजे तिसऱ्या प्रतींची एक पत्र्याची ट्रंक. पोचपावती घेतली. मी ती पलंगाजवळ ठेवली आणि वर कूलर मांडला. विमानतळावर तोच शिपाई होता. यानं या वेळी खरं तिकीट दाखवलं, तर त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, आपने तो दिल तोड़ दिया."

तिकडून तो रविवारी सकाळी फोन करायचा. तिकडे शनिवारची संध्याकाळ असे. बर्फ कोल्ड स्टोरेजइतकाच थंड आहे, बटाट्यांचा वास तेवढा नाही, असं त्यानं कळवलं. नातवाला कार्बन पेपर दाखवला तर त्यानं तो तोंडाला फासून घेतला, हेही कळवलं. तीन वर्षं असं चाललं. मग गेल्या हिवाळ्यात, फार त्रास न होता, तो गेला.

महिन्याभरानं वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. सकाळची वेळ होती. दोघंही आधी हवापाण्याचं बोललो. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, शेवटी दवाखान्यात मी त्यांना विचारलं. म्हटलं, आता तरी सांगा, द्वारका का? तर नुसते हसले. आणि खरं सांगू, मला त्यांनी कधी द्वारका म्हणून हाक मारलीच नाही. दोघंच असलो की मंदा म्हणायचे. मला वाटायचं, चूक कळली असेल, कबूल करायला लाजत असतील."

मी त्या क्षणी सगळं सांगितलं. चपला, थाळी, कोरलेलं नाव, कॉलरमधला दाणा, नोटरीच्या कागदात त्यानं गाळलेलं मधलं वाक्य. उभ्या उभ्या सांगितलं, कारण बसलो असतो तर थांबलो असतो.

चित्र अडकलं असं मला वाटलं. मग आवाज आला, "मग त्यांनी काय लिहिलं होतं?"

"मला माहीत नाही. मी वाचायच्या आधीच सांडली."

"म्हणजे कुणालाच माहीत नाही."

"रेकॉर्डला आहे, असं म्हणाला होता एकदा."

"मग शोधा," त्या म्हणाल्या. गौतमपुऱ्याचा आवाज.

फोन टेबलावर उभा करून मी कूलर उतरवला. ट्रंकेत सगळं वर्षवार लावलेलं होतं. भाजीच्या याद्या, मिरच्यांच्या डागांसकट. चपराशाच्या चिठ्ठ्या. अगदी तळाशी, 'लग्न, कामांची यादी.' मंडप, आचारी, घोडी, बँड. आणि 'वधूचे नाव : वेळेवर कळेल.' हे तर मला पाठ होतं, माझ्याकडे दुसरी प्रत होती. पण ही तिसरी. हिच्यावर त्या ओळीखाली पेनानं आणखी दोन शब्द लिहिलेले होते.

मी वाचले. "आहे तेच."

"कागद जवळ धरा," वहिनी म्हणाल्या. मी धरला. त्यांनी चष्मा लावला, कपाळ काचेला टेकेल इतक्या जवळ आल्या. बराच वेळ फक्त त्यांचा चष्मा दिसत होता.

"अक्षर त्यांचंच," त्या म्हणाल्या. मग मागे सरकल्या. "पंचेचाळीस वर्षं मी भलत्याच माणसाशी भांडले."

"हो वहिनी."

"आणि तुम्ही समोर बसून कीस खात होतात."

"हो."

"दोनदा घ्यायचात."

"तीनदासुद्धा घेतलाय."

मागून नातवाचा आवाज आला, काय झालं म्हणून विचारत होता. "काही नाही रे," त्या मान वळवून म्हणाल्या, "आजीचं नाव सापडलं." मग पुन्हा माझ्याकडे वळल्या. डोळे पुसलेले नव्हते, तशाच हसत होत्या. "भाऊजी, ते मधलं गाळलेलं वाक्य लिहून पाठवा मला. आणि कसं पाठवायचं ते सांगायला नको."

मला सांगायला नको होतं. कार्बन पेपर आता दुकानात मिळेना. दोन स्टेशनरीवाले तर हसले. शेवटी ट्रंकेतच एक सापडला, त्याचाच, जुना. उजेडात धरला तर त्यावर एकावर एक चढलेली त्याची अक्षरं दिसत होती, कोथिंबीर, हिंग, बल्ब. तोच घातला आणि जोर देऊन लिहिलं :

'थाळी चपलांच्या ढिगात माझ्या हातून पालथी झाली. त्यात आधी मंदाकिनी हे नाव होते. दुसरे नाव मी लिहिले.'

तिसरी प्रत फिकी आली आहे, पण वाचता येते. ती ट्रंकेत लग्नाच्या यादीखाली ठेवली आहे.